ताई म्हणते बाहत्तर

खोटं वाटलं तर इथेच थांबा. माझी काही हरकत नाही.

पण ज्या बाईच्या बाबतीत हे घडलं ती माझी मावसबहीण आहे. भुताखेतांच्या गोष्टींना आमच्या घरात सगळ्यात जास्त हसलेली बाईसुद्धा तीच. तिने हे मला एकदाच सांगितलं, एका बैठकीत, सलग. मधे पाणीही प्यायली नाही. मी फक्त तिचं म्हणणं खाली उतरवतोय.

तेव्हा रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. ओसाड बंगला तर दूरच राहिला.

मंगळवार होता. दुपारचे चार वाजून बारा मिनिटं. दुसऱ्या मजल्यावरची, खिडकी नसलेली, ट्यूबलाइटची एक खोली.

तिथे ताई काम करायची. ताई म्हणजे ही बहीण. आम्हा सगळ्या भावंडांत मोठी, म्हणून सगळ्यांचीच ताई. मनगटावर घालायचे ते फिटनेस बँड असतात ना, पावलं मोजणारे, हृदयाचे ठोके दाखवणारे... ते खरं बोलतात की खोटं, हे तपासायचं तिचं काम. अकरा वर्षं तेच.

खोलीत एक ट्रेडमिल. माणसाच्या छातीला चिकटपट्ट्या लावून तारा जोडायच्या. त्या तारा जायच्या एका मोठ्या मशीनला. हे मशीन चुकत नाही असं धरून चालायचं. त्याच माणसाच्या मनगटावर बँड. मग त्याला पळवायचं. पडद्यावर तीन रकाने. मशीनचे ठोके, बँडचे ठोके, आणि दोघांतला फरक.

फरक नेहमी असायचा. कधी दोन, कधी पाच, कधी चक्क तीस. अकरा वर्षांत ताईने एकही तपासणी अशी पाहिली नव्हती, जिच्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत फरक शून्य आला.

खोलीत एक रबरी हातही होता. पट्टे नीट बसतात का ते बघायला. त्याला सगळे "जावई" म्हणत. नुसता पडून असायचा, काम शून्य, आणि दर महिन्याला त्याला नवं घड्याळ मिळायचं.

आता तिचे वडील. म्हणजे माझे काका. चौतीस वर्षं रुग्णालयात नर्सचं काम केलं त्यांनी. पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात, म्हणून अख्खी गल्ली त्यांना ब्रदर म्हणायची. दूधवालासुद्धा. मावशी चिडली की तीही म्हणायची, "अहो ब्रदर, जरा इकडे बघता का?"

काकांचा दोन बोटांवर विश्वास. समोरच्याचं मनगट धरायचं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं, पूर्ण मिनिट मोजायचं. "पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणारा माणूस पेशंटचं पाऊण मिनिट चोरतो," असं म्हणायचे. आणि आकड्यापुढे मोजणाऱ्याचं नाव लिहायचं. नाव नसलेला आकडा म्हणजे बेवारशी.

ताईने त्यांना बँड दिला तेव्हा ते हसले होते.

"हे मनगट धरतं, पण बघतं कुठे?"

"बाबा, हिरवा दिवा कातडीवर पडतो. खालून रक्त वाहतं तसा उजेड कमीजास्त होतो. त्यावरून मोजतं."

"म्हणजे अंदाज."

"अंदाज नाही हो, मोजमाप."

लेकीने दिलंय म्हणून घातला बिचाऱ्यांनी. ठोके तिच्या फोनवर दिसायची सोय तिनेच करून ठेवली. आम्ही सगळे म्हणालो, वा! नशीबवान आहेत ब्रदर.

नशीबवान!

त्या मंगळवारी मावशी आमच्या घरी आली होती, माझ्या आईकडे. काका घरी एकटे. ट्रेडमिलवर एक जाडजूड माणूस धापा टाकत पळत होता आणि ताईचा फोन वाजला.

"ताई, जरा धडधडतंय गं."

"कधीपासून?"

"दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. मोजले मी. एकशे बेचाळीस. आणि मधेमधे चुकतायत ठोके."

ताईने कान फोनला लावूनच समोरच्या संगणकावर काकांची नोंद उघडली. काकांचा बँड काय दाखवतोय ते पाहिलं.

बाहत्तर. स्वच्छ, हिरव्या आकड्यांत.

"बाबा, बाहत्तर आहे. काही नाही. पाणी प्या आणि जरा पडून राहा."

"अगं, पण माझी बोटं..."

"तुमची बोटं सत्तरीची झाली, बाबा."

पलीकडे ते हसले. तिला ते हसू अजून ऐकू येतं म्हणते.

"बरं. तू म्हणतेस तर बाहत्तर."

अठ्ठेचाळीस सेकंदांचं बोलणं. तिने फोन ठेवला आणि जाड्याचा वेग वाढवला.

सात वाजता मावशी घरी पोचली. काका खुर्चीत बसले होते. मान एका बाजूला. डॉक्टर आले, म्हणाले, झटक्यात गेले, कळलंही नसेल त्यांना. आपल्याकडचे डॉक्टर मागे राहिलेल्यांवर दया म्हणून एवढं खोटं बोलतात. आणि आपण ते घट्ट धरून बसतो.

सव्वासातला ताई धावत घरात शिरली. बापाच्या मनगटावरचा बँड तिनेच सोडला. सोडता सोडता तिची नजर फोनवर गेली.

बाहत्तर.

हात थंडगार पडला होता. आणि पडद्यावर बाहत्तर... बाहत्तर... बाहत्तर. चारपासून सव्वासातपर्यंत एक सरळ रेघ.

हे भूत नव्हतं. हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण हे तिने स्वतः केलं होतं.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत बँडला ठोके नीट सापडले नाहीत की तो दोन आडव्या रेघा दाखवायचा. म्हणजे, मला कळत नाहीये. प्रामाणिक कारभार. पण गिऱ्हाइकांच्या तक्रारी यायला लागल्या. बँड बंद पडतो, वस्तू खराब आहे. तेव्हा एका बैठकीत ताई बोलून गेली, "रिकाम्या जागेपेक्षा अंदाज बरा." त्या माणसाचे एरवी शांत बसल्यावर जितके ठोके असतात, तितके दाखवायचे. साहेब खूश झाले. प्रोग्रॅममधून रेघा काढून टाकल्या.

काकांचे शांत बसल्यावरचे ठोके बाहत्तर. थंड पडलेला हात, वेडेवाकडे ठोके. बँडला काही सापडेना. म्हणून त्याने तिनेच शिकवलेला आकडा तिलाच ऐकवला.

आणि अख्ख्या शहरात ज्या एका बाईने त्या आकड्यावर विश्वास ठेवायला नको होता, तिनेच तो डोळे झाकून ठेवला. कुंपणानेच शेत खाल्लं.

काकांच्या शर्टाच्या खिशात औषधाचं एक बिल सापडलं. मागच्या कोऱ्या बाजूवर तीन ओळी. वॉर्डात लिहायचे तशाच, सुबक अक्षरात.

४.०५ – १३८, अनियमित – स्वतः

४.१० – १४२, अनियमित – स्वतः

४.१२ – ७२ – ताई

पुढे काहीच नाही. चौतीस वर्षं लोकांची मनगटं धरलेल्या माणसाने तिथे मोजणं थांबवलं होतं.

ताईने तो कागद मावशीला दाखवला नाही. बँड कपाटाच्या खणात टाकला आणि आठवड्याने कामावर गेली.

तिथे तिची वाट बघत होती काकांचीच नोंद. घरच्या लोकांचे बँडही तपासणीत धरलेले असायचे. तिच्या हाताखालच्या कुणीतरी काकांची ती दुपार यादीतून गाळली होती. पुढे शेरा मारला होता, "पट्टा सैल." न जुळणारी ओळ दिसली की हाच शेरा मारून ती काढून टाकायची. सगळ्यांना हे तिनेच शिकवलेलं. कुणाला बोलणार?

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. पुन्हा मंगळवार. ती रजेवर, घरीच. दुपारची वेळ. मावशी आत झोपलेली.

फोनने टिंग केलं.

तिने पाहिलं...

बाबा : १३८.

ती घाबरली नाही. तिला हसूच आलं म्हणे, कडवट. बँडचा हिरवा उजेड कशावरूनही परत आला की तो ठोके शोधतो. गुंडाळलेल्या टॉवेलचे ठोके सापडतात, केळ्याचेही सापडतात. तिने स्वतः टेबलाचे ठोके मोजले होते, एकशे दहा. खणातल्या कपड्यांचे एकशे अडतीस का नसावेत?

पाच मिनिटांनी पुन्हा टिंग.

१४२.

आता तिने घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा.

तिने उठून खण उघडला. बँड उताणा पडला होता. दिवा बंद. चार्जिंग कधीच संपलेलं. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं. नाही.

चार बारा.

आता बाहत्तर येणार, असं तिला वाटलं. कागदावर तेच होतं.

टिंग.

१४७.

मग १५१. मग १६०. मग एकदम ४४... मग १५८. दर दोन-तीन मिनिटांनी एक. मेलेला बँड तिच्या तळहातावर, आणि फोनवर आकडे. ती तिथेच फरशीवर बसून राहिली. आतल्या खोलीत मावशीचा श्वास ऐकू येत होता, तेवढाच काय तो आवाज.

आकडे चार वाजून बावन्न मिनिटांपर्यंत आले.

मग शेवटचं टिंग... आणि पडद्यावर दोन आडव्या रेघा.

त्या रेघा प्रोग्रॅममध्ये उरल्याच नव्हत्या. काढताना ती समोर होती.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. चार पाचला सुरू, चार बावन्नला रेघा. आकडे तेच, क्रम तोच. तिने अ‍ॅप काढून टाकलं. तरी टिंग. फोन बंद केला. चार पाचला तो आपोआप सुरू झाला.

मग तिला कळलं की ती काय बघतेय. काका झटक्यात गेले नव्हते. तिने फोन ठेवल्यावर चाळीस मिनिटं त्यांचं हृदय धडपडत होतं. खुर्चीत, एकटं, पाण्याचा पेला जवळ घेऊन. रुग्णालय घरापासून सायकलवर बारा मिनिटं. चौतीस वर्षं त्यांनी त्याच रस्त्यावर सायकल हाणली होती. एक फोन केला असता तर तिथली माणसं त्यांना खांद्यावर उचलून घेऊन गेली असती.

पण ते कशाला फोन करतील? लेक म्हणाली होती, बाहत्तर.

मला हे सांगताना तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "त्यांना पटलं नव्हतं रे. बोटांना कळत होतं त्यांच्या. फक्त माझा शब्द खाली पडू नये म्हणून ते मोजायचे थांबले."

शनिवारी खोली बंद असते. ताईने किल्ली आणली. साडेतीनला एकटी आत गेली. तिला खरंखोटं करायचं होतं, आणि खरंखोटं करण्याची तिला एकच रीत माहीत होती.

तिने बँड जावयाच्या रबरी मनगटावर बांधला. मोठं मशीन सुरू केलं. छातीला लावायच्या तारा खुंटीवर लटकत होत्या, तशाच ठेवल्या. तारा मोकळ्या असल्या की मशीन ओरडतं, तारा सुटल्या आहेत म्हणून. ओरडलं. तिने खुर्ची ओढली आणि बसली.

चार वाजले. चार एक. चार दोन...

चार पाचला ओरडणं थांबलं.

खुंटीवरच्या तारा जराही हलल्या नाहीत. पण मशीनच्या पडद्यावरची रेघ वर उसळली. खाली आली. पुन्हा उसळली. वेडीवाकडी. जावयाच्या मनगटावर हिरवा दिवा लागला.

मशीन १३८. बँड १३८. फरक ०.

मशीन १४२. बँड १४२. फरक ०.

अकरा वर्षांत जे एकदाही जमलं नव्हतं ते आज जमत होतं, आणि ते पाहायला खोलीत जिवंत असं तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

मग तिने जे केलं ते मी मेलो तरी केलं नसतं. तिने खुर्ची पुढे घेतली आणि त्या रबरी मनगटावर दोन बोटं ठेवली. काकांनी लहानपणी शिकवलं होतं तशी, अंगठ्याच्या खाली, हलकेच.

रबर थंड होतं.

आणि त्या थंड रबराखाली... ठोके होते.

धावत होते. अडखळत होते. मधेच एक गाळून दोन एकदम. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं. पडद्यावर तेवढेच.

चार बारा झाले.

ठोके थांबले.

संपले नाहीत, थांबले. समोरचा आपलं बोलणं ऐकायला थांबतो तसे. ताईला घाम फुटला. बोटं उचलावीत असं वाटलं, पण उचलली नाहीत.

"बाबा," ती म्हणाली, "एकशे सत्तेचाळीस आहेत. बरोबर आहेत तुमची बोटं. उठू नका. मी गाडी पाठवते, मी येतेय."

वरातीमागून घोडं. तिलाही कळत होतं.

एक क्षण काहीच नाही. मग बोटांखाली पुन्हा सुरू झालं. १४७. १५१. १६०. ती रडत होती आणि मोजत होती. त्या दुपारी जी चाळीस मिनिटं तिने त्यांना दिली नव्हती, ती तिने तिथे बसून दिली. शेवटी शेवटी ठोके इतके बारीक झाले, की ते त्यांचे की आपल्याच बोटांचे हे तिला कळेना.

चार बावन्न. थांबले. दोन रेघा. दिवा विझला. मशीन पुन्हा ओरडायला लागलं, तारा सुटल्या आहेत.

त्या दिवसानंतर तो बँड कधी बोलला नाही.

सोमवारी ती साहेबांकडे गेली. म्हणाली, रेघा परत आणा. साहेब समजूतदारपणे म्हणाले, "ताई, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण रेघा बघून लोक घाबरतात हो."

"घाबरायलाच हवं होतं, साहेब."

साहेबांनी तिला महिनाभर रजा घ्या म्हणून सांगितलं. तिने नोकरीच सोडली. नवा बँड ठरल्या दिवशी बाजारात आला. रेघा नाहीतच. दिसायला मात्र देखणा आहे.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसलोही नसतो.

ताई आता एका दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसते. तिथल्या सिस्टरने एकदा सहज सगळ्यांचे ठोके तपासले. ताईचे बाहत्तर. महिन्याने पुन्हा तपासले, बाहत्तर. ताप होता तेव्हाही बाहत्तर. तिने स्वतः जिने चढून-उतरून मोजून बघितलं. बाहत्तर. छातीला तारा लावून घेतल्या, कागदी पट्टीवर आलेख काढून घेतला. डॉक्टर म्हणाले, बाई, तुमचं हृदय घड्याळासारखं आहे. तुम्ही उगाच काळजी करता.

तीन आठवड्यांपूर्वी ती माझ्याकडे आली. आमची लिफ्ट बंद, त्यामुळे चार मजले चढून. दारातच भिंतीला टेकली. चेहरा पांढरा, केस घामाने कपाळाला चिकटलेले, श्वास पुरत नव्हता.

"धडधडतंय रे," ती म्हणाली. "केव्हाचं धडधडतंय."

मी तिला खुर्चीत बसवलं. मनगट धरलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं. चोरी नाही केली. डोळ्यांसमोर तिची छाती भात्यासारखी हलत होती, गळ्याची शीर थाडथाड उडत होती. आणि माझ्या बोटांखाली... एकसारखे, शांत, संथ ठोके.

"काही नाही ताई," मी म्हणालो. "बाहत्तर आहेत."

बोलून गेलो आणि जीभ चावली. पण शब्द निघून गेला होता.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हसली. ते हसू मी ओळखलं. काका असेच हसायचे.

"बरं," ती म्हणाली. "तू म्हणतोस तर बाहत्तर."

मी ऐकलं नाही, गाडी बोलावली. माणसं आली, त्यांचं मशीन लावलं, बाहत्तर म्हणाली आणि गेली.

ताई ठणठणीत आहे. म्हणजे असं सगळी यंत्रं म्हणतात. रोज दुपारी चार वाजले की मी तिला फोन करतो आणि विचारतो, कशी आहेस. आकडा विचारत नाही. चार बावन्न होईपर्यंत मी फोन ठेवत नाही. ती काहीबाही बोलत राहते, आणि मी तिचा श्वास ऐकत राहतो.